टंच

भैरोबाचे डोळे मी दिलेले.
दाराशी पाटी आहे, ऑइल पेंटची:
उत्तम ज्ञानू शिरतोडे, गलाईवाले, मु. सेलम.
'सेलम'चा म उडालाय.

सोळाव्या वर्षी विट्याहून रात्रीची गाडी धरली.
निघण्याआधी तात्यांनी मानेला धरून गाभाऱ्यात वाकवलं,
म्हणाले, देवा, पोरगं परमुलखात चाललंय,
त्याच्या पहिल्या मुशीतली चांदी तुझी.
मी नुसतं हूं म्हणालो.
हूं म्हणजेही शब्दच की.

पहिल्या मुशीतली चांदी दुकानाच्या पागडीत गेली,
दुसऱ्या मुशीतली सुमनच्या लग्नात.
त्याचं काही नाही. देव घरचाच, थांबतो.
तेजाबाच्या धुरानं नखं पिवळी पडली,
आणि अकराव्या वर्षी,
तिजोरीत चांदीच्या विटा एकीवर एक असताना,
मी देवाचे डोळे ओतायला बसलो.

हात सवयीनं तांब्याकडे गेला.

साठ टंच.
गरज होती म्हणावं, तर नव्हती.
एवढंच वाटलं, तिथं लावून कोण बघतंय?
देवळात कसोटीचा दगड कुठला?

(गाभाऱ्यातला दगड काळा आहे.
शेंदूर नाही, पिढ्यान्‌पिढ्या नुसतं तेल.
लहानपणापासून बघितलेला.
तेव्हा सुचलं नाही.)

मग काय झालं?
काही नाही.
वीज पडली नाही, भट्टी फुटली नाही,
एका दुकानाची दोन झाली,
यात्रेत मला फेटा बांधला, नारळ दिला.
मीही वाट बघायचं सोडून दिलं.

फक्त एक खोड जडली.
माणूस बोलायला लागलं की मी मनात टंच काढतो.
पोरगा पाया पडतो: सत्तर.
कारागीर 'मालक' म्हणतो: चाळीस, त्यातही कथील.
बायको तापात माझ्या कपाळावर हात ठेवून बसली
रात्रभर, आणि मी पहाटेपर्यंत
तिच्या हाताचा आकडा लावत राहिलो.
शंभर मला कुणाचाच येत नाही.
हात जोडले की माझाही येत नाही.

देवाला डोळे मी घातले, पण पुसते इंदराक्का.
गुरवाची. इनामाच्या तुकड्यात कुसळं उगवतात,
लेक चाकणला बोलावतो, ती जात नाही.
'सकाळी ह्याला उठवायचं कुणी?' म्हणते,
जसं काही देव नव्हे, शाळेचं पोर आहे.
दर रविवारी चिंच, राख, काथ्या.
मागं एकदा मान वर न करता म्हणाली,
'उत्तमा, तुझं डोळं लई काळं पडत्यात बघ.'

त्या रात्री जेवलो नाही.

औंदा यात्रेच्या आधीच आलो, एकटा.
खिशात रुमालात नवी जोडी.
समोर उभं राहून आटवलेली,
तीनदा कस लावलेली.
इंदराक्का पायरीवर जुने डोळे घासत बसलेली,
आणि आत देव डोळ्यांवाचून.

नुसता दगड.
तेलानं ओला, काळा, माझ्याकडे तोंड करून.
डोळे होते तेव्हा त्यानं मला
कधी असं बघितलं नव्हतं.

'आक्का, हे नवीन आणलेत,' म्हणालो.
'आणि ते जुने...' पुढचं घशात राहिलं.
ती म्हणाली, 'ठाऊक हाय.
बत्तीस वर्सं घासत्ये मी. ठेव तिथं ताटात.
आज हेच लावत्ये, पुसून झाल्यात.'

लावले तिनं.
घासून घासून कडेची चांदी गेलीय,
तांबं वर आलंय,
लालसर,
जागरणाच्या डोळ्यांना असतं तसं.

मी पायरीवर बसलो,
उरलेली चिंच कोळत.